ओसाड नव्हे, ओस पाडलेला मुलूख

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिंह, हत्ती आणि घनदाट अरण्य उभे राहते. पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, पश्चिम किनाऱ्यावर, नामिबिया नावाचा एक देश आहे. तेथे अरण्य थोडे आणि वाळवंट फार. अलीकडे आपल्याकडची तरुण मंडळीही सुट्टीत तिकडे जाऊ लागली आहेत. विमानातून उतरायचे, चारही चाके जोर लावतात अशी उंच मोटार भाड्याने घ्यायची, टपावर घडीचा तंबू, मागे पाण्याचे डबे, शिधा आणि दोन जादा चाके घ्यायची आणि निघायचे. बरोबर ड्रायव्हर नाही, वाटाड्या नाही. मोटार चालवायची ती आपणच. मग परत आल्यावर फोटो दाखवताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येते, "तिथे काही म्हणजे काही नाही हो! दिवसभर गेलं तरी माणूस दिसत नाही!"

हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकले आणि मनात एक शंका आली. तेथे माणसे कधी नव्हतीच, की राहू दिली नाहीत? तिचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम हा मुलूख कसा आहे ते पाहू. नामिबियाचे क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक. आणि लोकसंख्या सारी मिळून तीस लाखांच्या घरात! समुद्राच्या कडेने उभे पसरलेले ते नामीब वाळवंट, आणि पूर्वेकडे कालाहारी. किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे पाऊस जवळजवळ पडतच नाही, पण पहाटे दाट धुके येते. त्या धुक्यावर तेथले जीव जगतात. एक काळा किडा वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले धुक्याचे थेंब ओघळून तोंडात येऊ देतो. वेल्वित्शिया नावाच्या झाडाला जन्मभरात दोनच पाने असतात, आणि तेवढ्यावर ते हजार हजार वर्षे जगते.

किडामुंगी जगते तेथे माणूस का जगणार नाही? सान लोक ह्या भागात हजारो वर्षांपासून राहत आले. पुरुष शिकारीला जात. पण घरातले बरेचसे अन्न बायकाच गोळा करून आणीत, कंद, मुळे, बोरे, रानटी कलिंगडे. पाण्याच्या दिवसांत शहामृगाच्या अंड्याच्या कवट्या भरून वाळूत पुरून ठेवायच्या, आणि कोरड्या दिवसांत कलिंगडाच्या गरावर तहान भागवायची, असा त्यांचा संसार. दक्षिणेत नामा लोक शेळ्यामेंढ्या पाळीत. मध्यभागी हेरेरो लोक गुरांचे मोठे कळप बाळगीत. गाय हेच त्यांचे धन आणि तीच त्यांची प्रतिष्ठा. उत्तरेला ओवाम्बो लोक शेती करीत. प्रत्येकाला आपापले पाणवठे ठाऊक होते आणि प्रत्येक पाणवठ्याला नाव होते. ज्या जागेला कोणी नाव ठेवले आहे ती जागा ओसाड कशी म्हणावी?

आता स्वतः मोटार चालवून जनावरे पाहण्याची चाल कोठून आली ते सांगते. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत १८९८ साली साबी नदीच्या भागात शिकारबंदीचा प्रदेश जाहीर झाला. १९२६ साली त्याचे क्रूगर राष्ट्रीय उद्यान झाले आणि दुसऱ्या वर्षी ते लोकांसाठी उघडले. त्या पहिल्या हंगामात आत शिरलेल्या मोटारी किती? अवघ्या तीन! पुढे हा शौक वाढतच गेला. त्या उद्यानाचा पहिला मोठा अधिकारी स्टीव्हन्सन-हॅमिल्टन. त्याने आतल्या वस्त्या हलवल्या, म्हणून तेथील लोकांनी त्याला 'स्कुकुझा' म्हणजे 'झाडून साफ करणारा' असे नाव ठेवले. आज त्या उद्यानातील सर्वांत मोठ्या मुक्कामाचे नाव स्कुकुझा हेच आहे. प्रवासी तेथे चहा घेतात. पण नावाचा अर्थ विचारणारे थोडेच.

नामिबियाची कथा ह्याहून कठोर आहे. १८८३ साली ब्रेमेन शहरातील ल्युडेरिट्झ नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने नामा लोकांच्या एका प्रमुखाकडून किनाऱ्यावरील एक उपसागर विकत घेतला, आणि मग किनाऱ्यालगतची वीस मैल रुंदीची पट्टी. प्रमुखाला ठाऊक होता तो इंग्रजी मैल, सुमारे दीड किलोमीटरचा. व्यापाऱ्याने मोजला तो जर्मन मैल, सुमारे साडेसात किलोमीटरचा! करारात मैल कोणता ते लिहिलेच नव्हते. लहान कोस दाखवून मोठा कोस मोजून घ्यावा तसा हा प्रकार. १८८४ साली जर्मन सरकारने त्या जमिनीवर आपले संरक्षण जाहीर केले, आणि त्या वाळूच्या पट्ट्यातून पुढे वसाहत वाढली.

जर्मन शेतकरी येऊ लागले आणि त्यांना पाण्याजवळच्या जमिनी हव्या झाल्या. १८९७ साली बुळकांडीची साथ आली आणि हेरेरोंची बहुतेक गुरे पटापट मेली. ज्यांचे सर्व धन गोठ्यात होते ते एका वर्षात कंगाल झाले. त्यात व्यापाऱ्यांचे कर्ज, आणि कर्जापोटी जमीन जाणे. आपल्या आजेसासूबाईंच्या वेळच्या सावकारीच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे अधिक सांगायला नको. १२ जानेवारी १९०४ रोजी हेरेरोंनी सॅम्युएल महारेरो ह्या प्रमुखाच्या हाताखाली उठाव केला. त्यात शंभरावर जर्मन मारले गेले. पण बायका, मुले आणि मिशनरी ह्यांना हात लावू नये अशी महारेरोची आज्ञा होती, हेही नोंदले गेले आहे.

जर्मनीहून फॉन ट्रोथा नावाचा सेनापती मोठी फौज घेऊन आला. हेरेरो लोक बायकामुलांसह आणि उरल्यासुरल्या गुरांसह एका लांबट डोंगराच्या पायथ्याशी गोळा झाले होते. त्या डोंगराचे नाव वॉटरबर्ग, म्हणजे पाण्याचा डोंगर. तेथे झरे होते म्हणूनच ते तेथे आले होते. ११ ऑगस्ट १९०४ रोजी तोफा सुरू झाल्या. सुटकेला एकच बाजू मोकळी राहिली, ती पूर्वेकडची, म्हणजे कालाहारीच्या ओमाहेके वाळवंटाची. लोक तिकडे धावले. पाठीमागून फौज आली आणि तिने वाळवंटाच्या कडेचे पाणवठे अडवून धरले. २ ऑक्टोबरला सेनापतीने लेखी हुकूम काढला. जर्मन हद्दीत जो हेरेरो सापडेल, त्याच्याजवळ बंदूक असो वा नसो, त्याला गोळी घातली जाईल. बायकामुलांनाही आश्रय मिळणार नाही, त्यांना परत हाकलले जाईल किंवा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील, असा त्या हुकुमाचा आशय होता.

लोकांनी वाळूत हातांनी खोल खोल खड्डे खणले, आणि त्या कोरड्या खड्ड्यांभोवतीच ते मरून पडले. पाण्यासाठी हंडा घेऊन मैल मैल चाललेल्या बायका आपल्या महाराष्ट्रात कमी नाहीत. तहान म्हणजे काय हे आपण पुस्तकातून शिकायला नको. लढाईपूर्वी हेरेरो सुमारे ऐंशी हजार होते असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९११ सालच्या शिरगणतीत ते पंधरा हजारांच्या आसपास उरले. आज वॉटरबर्गच्या पायथ्याशी प्रवाशांसाठी तंबूची जागा आहे. जवळच पडलेल्या जर्मन शिपायांच्या कबरी नावानिशी राखलेल्या आहेत. जे वाळवंटात तहानेने मेले त्यांना कबर नाही आणि नावही नाही.

जे पकडले गेले त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या. त्यांतली सर्वांत भयंकर ल्युडेरिट्झ बंदराजवळच्या शार्क बेटावर होती. १९०४ च्या अखेरीस नामा लोकांनीही शस्त्र उचलले होते. त्यांचा वृद्ध नेता हेंड्रिक विटबोई १९०५ साली लढता लढता पडला, आणि नामाही ह्या छावण्यांत आले. गार वारा, अंगावर चिंध्या, पोटाला अर्धेकच्चे अन्न, आणि बंदराचे व रेल्वेचे काम. त्या एका बेटावर हजाराहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांची डोकी जर्मनीतील विद्वानांना मापे घेण्यासाठी हवी होती. ती शिजवून काचेच्या तुकड्यांनी खरवडून स्वच्छ करण्याचे काम कैदी बायकांना लावले. त्या डोक्यांत कोणाचा भाऊ असेल, कोणाचा नवरा. लिहिताना हात थांबतो. पण हे खरे घडले आहे आणि न लिहिल्याने ते खोटे होणार नाही. त्या कवट्यांपैकी काही २०११, २०१४ आणि २०१८ साली नामिबियाला परत मिळाल्या. शार्क बेटावर मात्र पुढे प्रवाशांसाठी तंबू ठोकण्याची जागा झाली, आणि दूरदूरचे लोक समुद्राची हवा खात तेथे मुक्काम करू लागले.

ज्या रेल्वेसाठी ह्या कैद्यांचे हाड न् हाड झिजले त्याच रेल्वेवर १९०८ साली एक नवल घडले. झकारियास लेवाला नावाचा मजूर रुळांवरची वाळू काढीत असता त्याला एक खडा चमकताना दिसला. त्याने तो आपला मुकादम आउगुस्ट श्टाउख ह्याच्या हाती दिला. तो हिरा निघाला. श्टाउख लक्षाधीश झाला. लेवालाच्या वाट्याला काही आले नाही. मग कोल्मान्सकोप नावाचे गाव उभे राहिले. वाळवंटात बर्फाचा कारखाना, नाचाचे दालन, दवाखान्यात एक्स-रेचे यंत्र! पुढे दक्षिणेकडे अधिक मोठे हिरे सापडले, गावाला उतरती कळा लागली आणि १९५६ पर्यंत शेवटची कुटुंबेही निघून गेली. आज त्या घरांतून गुडघा गुडघा वाळू शिरली आहे. दार अर्धे उघडे, आत वाळूचा ढीग, भिंतीला जुना निळा रंग. प्रवासी ह्याचे फोटो हौसेने काढतात आणि हळहळतात. ही हळहळ खोटी नाही. पण ही घरे लोकांनी आपखुशीने सोडली. ज्यांना हाकलून लावले त्यांच्या झोपड्यांचा फोटो काढायला काही उरलेच नाही.

उत्तरेतील एटोशा हे तर साऱ्या सहलीचे शिखर. सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे पांढरे शुभ्र मिठागर, आणि त्याच्या कडेच्या पाणवठ्यांवर हत्ती, सिंह, जिराफ, झेब्रे रांगेने पाण्याला येतात. आपण मोटारीच्या काचेआड चुपचाप बसून पाहायचे. ह्या मिठागराविषयी एक जुनी कथा सांगतात. शत्रूने एका वस्तीवर घाला घातला. एका आईचे मूल मारले गेले. ती इतकी रडली की तिच्या अश्रूंचे तळे झाले, आणि ते आटले तेव्हा मागे हे मीठ राहिले. १९०७ साली जर्मन गव्हर्नराने हा प्रदेश जनावरांसाठी राखीव केला. शिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यापूर्वी पुष्कळ जनावरे मारून संपवली होती, त्यामुळे राखण करणे जरूर होते ह्यात शंका नाही. तेथे राहणाऱ्या हाइओम ह्या सान लोकांना प्रथम राहू दिले. पण १९५४ साली त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला. काहीजणांना नोकर आणि माग काढणारे म्हणून ठेवले. बाकीचे आसपासच्या गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला लागले. ज्या पाणवठ्यांवर त्यांच्या आज्या पाणी भरीत तेथे प्रवाशांसाठी बाके आली. जनावरे वाचली हे चांगले झाले. पण जनावरांना वाचवण्यासाठी, ती ज्यांच्या सोबतीने आजवर जगली त्यांनाच उठवावे लागते काय, हा प्रश्न मला सुटत नाही.

जर्मनांचे राज्य १९१५ साली गेले आणि दक्षिण आफ्रिकेचे आले. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेने हा देश कायमचा आपल्यात सामील करून घेण्याची मागणी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवली. तिला विरोध करणाऱ्यांत आपला भारत होता. त्या वेळी भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे १९६२ साली आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. ही आठवण आपण अभिमानाने ठेवावी अशी आहे.

तेथील बायकाही मागे राहिल्या नाहीत. राजधानी विंडहुकमधील काळ्या लोकांची जुनी वस्ती उठवून त्यांना शहराबाहेर नेण्याचे सरकारने ठरवले. त्या नव्या जागेला लोकांनी नाव दिले काटुटुरा, म्हणजे जेथे आम्हांला राहायचे नाही ती जागा. बायकांनी मोर्चा काढला, लोकांनी बसवर बहिष्कार घातला. १० डिसेंबर १९५९ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि दहाहून अधिक माणसे ठार झाली. त्यांत ॲना मुंगुंडा नावाची एक बाई होती. आपला मुलगा पडलेला पाहून तिने एका अधिकाऱ्याच्या मोटारीला आग लावली आणि तीही गोळीला बळी पडली, अशी हकीकत सांगतात. आज नामिबियात १० डिसेंबर हा महिलांचा दिवस म्हणून पाळला जातो. २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला, आणि त्याच तारखेला २०२५ साली नेतुम्बो नांदी-न्दाइत्वा ह्या तेथील पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

हेरेरो बायकांच्या पोशाखाविषयी आपल्या भगिनींना सांगितलेच पाहिजे. वाळवंटाच्या उन्हात त्या पायघोळ, अनेक वार कापडाचा, भरगच्च घेराचा झगा घालतात, आणि डोक्याला गाईच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंना टोके आलेले बांधणे बांधतात. झगा मूळचा मिशनऱ्यांच्या बायकांचा. त्यांच्याकडून तो घेतला, पण त्यावर शिंगे चढवली ती आपल्या गाईंची. ज्यांनी गुरे हिरावली त्यांच्याच कपड्यावर गुरांची आठवण मिरवायची, ह्याला मी तर मोठी हिंमत समजते. महारेरो परमुलखात वारला. १९२३ साली त्याचा देह ओकाहांजा गावी आणून पुरला, आणि तेव्हापासून दरवर्षी ऑगस्टमध्ये तेथे हेरेरो जमतात. २०२१ साली जर्मन सरकारने ही कत्तल वंशसंहारच होती असे मान्य केले आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देण्याचे कबूल केले. पण बोलणी आमच्याशी नीट केलीच नाहीत, अशी हेरेरो आणि नामा लोकांतील अनेकांची तक्रार आहे. २०२५ पासून २८ मे हा दिवस नामिबियात त्या मृतांच्या स्मरणाचा म्हणून पाळला जाऊ लागला.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. तसे नाही. शेजारच्या बोट्स्वाना देशात मध्य कालाहारीचे राखीव क्षेत्र १९६१ साली झाले, ते सान लोकांना तेथे राहता यावे हाही हेतू धरून. तरी १९९७ आणि २००२ साली त्यांना तेथून हलवले, आणि २००२ साली त्यांची विंधणविहीर बंद केली. पुन्हा तीच गोष्ट, पाणी तोडले की माणूस आपोआप उठतो. सान लोक कोर्टात गेले. २००६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण पाण्याविना परत जाऊन करणार काय? शेवटी २०११ साली वरच्या कोर्टाने त्यांना आपल्या खर्चाने विहीर वापरण्याचा आणि नवी खणण्याचा हक्क दिला. नामिबियातही १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या भागातील वन्य प्राण्यांची राखण करण्याचा आणि प्रवाशांपासून होणारे उत्पन्न घेण्याचा अधिकार मिळाला. अशा ऐंशीहून अधिक संस्था तेथे उभ्या राहिल्या आहेत. माणूस आणि जनावर एकत्र नांदू शकतात हे त्यांनी दाखवले.

ह्याचा धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोचतो. भारतातून नाहीसा झालेला चित्ता पुन्हा आणण्यासाठी १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आले. आपण सर्वांनी कौतुकाने ते पाहिले. त्या कुनोतून पूर्वी सिंह आणायचे म्हणून चोवीस गावे उठवली होती, त्यांतील बहुतेक लोक सहरिया आदिवासी. सिंह तर अजून आले नाहीतच.

तेव्हा माझ्या शंकेचे उत्तर असे मिळाले, की तो मुलूख ओसाड नव्हता, तो ओस पाडला गेला. आणि बहुतेक वेळा पाणी अडवून पाडला गेला. म्हणून कोणी तिकडे जाऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. जरूर जावे. तांबड्या वाळूच्या डोंगरांवर चढावे, मिठागराच्या कडेला हत्ती पाहावेत. वाळूत चाक रुतले तर टायरातली हवा कमी करून मोटार बाहेर काढण्याची मौजही घ्यावी. पण विंडहुकच्या विमानतळावर उतराल तेव्हा त्याच्या नावाची पाटी वाचा. ते नाव आहे होसेया कुटाको. हा माणूस १९०४ च्या युद्धात लढला, जगला, आणि म्हातारपणापर्यंत संयुक्त राष्ट्रांकडे आपल्या लोकांसाठी अर्ज करीत राहिला. मुलांनातवंडांना एवढे सांगून पाठवावे. मोटारीत पाण्याचे डबे भरताना त्यांना त्या कोरड्या खड्ड्यांची आठवण झाली, तर त्यांची सहल अधिक शहाणी होईल.